खटला चालवायचाच तर योग्य कलमाखाली

12 डिसेंबर 2021 रोजी अबू धाबीत फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत संपली आणि एक वाद सुरू झाला, तो अजून शमलेला नाही. शर्यत संपत आली असताना अपघात झाला, सगळ्या गाड्यांचा वेग रोखून धरणारी सेफ्टी कार बाहेर आली. शर्यत संचालकाने हॅमिल्टन आणि वेर्स्टापेन यांच्या मधल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिले, शेवटची फेरी मोकळी केली आणि अख्ख्या वर्षाचे जगज्जेतेपद त्या एका फेरीत हॅमिल्टनकडून वेर्स्टापेनकडे फिरले. पुढे नियामक संस्थेने मानवी चूक झाल्याचे मान्य केले. निकाल होता तसाच राहिला. तेव्हापासून एक गट म्हणतो, टीव्हीसाठी खेळाचा तमाशा झाला, पूर्वीच्या शर्यती कशा चोख असत. दुसरा म्हणतो, शर्यत ही पहिल्यापासून करमणूकच, उगाच गळे काढू नका. या भांडणात दोन्ही बाजू पुरावा म्हणून एकाच माणसाला ओढून आणतात. त्याचे नाव बार्नी ओल्डफिल्ड, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अमेरिकी शर्यतचालक. पहिल्या गटासाठी तो भोंदू, ज्याला खऱ्या खेळाने वेळीच बाहेर काढले. दुसऱ्यासाठी तो आद्यपुरुष, ज्याच्या दिखाऊपणावरच पुढचा सारा डोलारा उभा राहिला.

मला दोन्ही गट चुकीच्या कलमाखाली खटला चालवताना दिसतात. ओल्डफिल्डने तमाशा केला, हा त्याचा गुन्हाच नव्हे. त्याचे गुन्हे दोन. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला त्याने ठरवून आणलेली शर्यत खरी म्हणून विकली, हा एक. आणि 1910 साली त्याने वर्णाहंकाराची तिकिटे विकली, हा दुसरा. ज्या संस्थेने त्याला शिक्षा केली, तिने ती या दोन्हींपैकी कशासाठीही केली नाही. एका कृष्णवर्णीय माणसाला त्याने आपल्या बरोबरीने ट्रॅकवर उतरवले, यासाठी केली. हे नीट पाहिले नाही, तर 'खेळ की तमाशा' हा वाद दोन्ही बाजूंना सोयीचा राहतो आणि ज्यांना उत्तर द्यायला हवे ते मोकळे सुटतात.

माणूस कोण होता ते आधी पाहू. बर्ना एली ओल्डफिल्ड हे त्याचे खरे नाव. जन्म 29 जानेवारी 1878, ओहायो राज्यातल्या वॉसिऑन गावाजवळचा. हॉटेलातली हरकामे करता करता तो सायकल शर्यतींत शिरला. त्या दशकात अमेरिकेला सायकलचे वेड लागले होते आणि पुढे मोटारींत नाव काढणारे कितीतरी लोक याच आखाड्यात तयार झाले. टॉम कूपर हा त्यातलाच एक नामांकित सायकलपटू. 1902 साली कूपरने हेन्री फोर्ड नावाच्या, तोवर दोन कंपन्यांत अपयश पाहिलेल्या माणसाच्या साथीने शर्यतीची गाडी बांधली. एका आगगाडीच्या इंजिनावरून तिचे नाव ठेवले 999.

ही गाडी समोर उभी आहे असे समजा. उघडी चौकट, तिच्यावर जवळजवळ एकोणीस लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, बॉनेट नाही, स्प्रिंगा नाहीत, एकच आसन. स्टिअरिंगचे चाक नाही. त्याऐवजी दोन मुठींचा आडवा दांडा, तो दोन्ही हातांनी रेटायचा. फिरते भाग उघडेच, त्यामुळे तेल उडून थेट चालकाच्या अंगावर. बांधणाऱ्यांनाच तिच्यावर बसून पूर्ण वेगाने जायची धास्ती वाटत होती. कूपरने मग ओल्डफिल्डला बोलावले. त्याने त्याआधी मोटार चालवलेली नव्हती. काही दिवसांच्या सरावानंतर 25 ऑक्टोबर 1902 रोजी डेट्रॉइटजवळच्या ग्रॉस पॉइंट ट्रॅकवर त्याने पाच मैलांची शर्यत 5 मिनिटे 28 सेकंदांत जिंकली. समोर होता अलेक्झांडर विंटन, त्या काळचा मोठा मोटार उत्पादक आणि स्वतः नावाजलेला चालक. त्याच्या गाडीने मध्येच दगा दिला. गंमत म्हणजे फोर्डने आपला वाटा शर्यतीआधीच कूपरला विकून टाकला होता. पण नाव फोर्डचेच झाले. 16 जून 1903 ला फोर्ड मोटर कंपनी नोंदली गेली आणि चारच दिवसांनी, 20 जूनला, इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावरच्या मातीच्या ट्रॅकवर ओल्डफिल्डने 999 मध्ये बसून एक मैलाची गोल फेरी 59.6 सेकंदांत काढली. वळणे असलेल्या ट्रॅकवर मिनिटात मैल, हे अमेरिकेने पहिल्यांदा पाहिले.

आता विरोधकांचे म्हणणे, आणि ते जितके बळकट आहे तितक्या बळकट रूपातच मांडले पाहिजे. यानंतरची बरीच वर्षे ओल्डफिल्ड गावोगावच्या जत्रांतून फिरला. तोंडात न पेटवलेली सिगार, दात एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. समोर घोड्यांच्या शर्यतीचा एक मैलाचा मातीचा ट्रॅक. आणि लोकांपुढे येताच ठरलेली आरोळी, 'मला ओळखताच तुम्ही, बार्नी ओल्डफिल्ड!' मग तीन हीटची, म्हणजे तीन छोट्या लढतींची, शर्यत. पहिली जिंकायची, दुसरी हरायची, तिसरी नाकाच्या अंतराने जिंकायची. प्रतिस्पर्धी पुष्कळदा आपल्याच ताफ्यातला, पगारी. ट्रॅकचा 'विक्रम' मोडला जायचा तोही पुष्कळदा आपल्याच माणसाच्या हातातल्या घड्याळावर. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, तेच. पैलवान खरे, घाम खरा, निकाल मात्र आदल्या रात्री ठरलेला. याला फसवणूक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? जत्रेसाठी धान्य विकून आलेला शेतकरी आठ आण्यांची का होईना, पैज लावत असेल तर त्याचा खिसा कापलाच गेला. यात सारवासारव करण्यासारखे काही नाही. 'लोकांना सगळं ठाऊकच होतं' असा बचाव ओल्डफिल्डचे चाहते करतात, तो मला पटत नाही. सगळ्यांना ठाऊक असते तर तिसरी हीट इतकी चुरशीची करून दाखवायची गरज काय होती?

दुसरा आक्षेप असा की मोठ्या, लांबच्या, अधिकृत शर्यतींत हा माणूस कुठे होता? ज्या काळात रॅल्फ डीपाल्मासारखा नामवंत चालक इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत 1912 साली 200 पैकी 196 फेऱ्या आघाडीवर राहून, शेवटी बंद पडलेली गाडी मेकॅनिकबरोबर ढकलत आणत होता, त्या काळात ओल्डफिल्डच्या नावावर काय? इंडियानापोलिस त्याने कधीच जिंकले नाही. तिसरा आक्षेप अधिक जड आहे. 1904 साली सेंट लुइसला धुळीत त्याची गाडी कुंपण फोडून बाहेर गेली आणि कुंपणापलीकडच्या माणसांचे जीव गेले. तो स्वतःही जबर जखमी झाला, बरा झाला आणि पुन्हा ट्रॅकवर आला. मेलेले आले नाहीत.

हे सारे मान्य. पण यावरून 'तो खरा चालक नव्हताच, नुसता सोंगाड्या होता' हा निष्कर्ष निघतो का? 16 मार्च 1910 रोजी डेटोनाच्या वाळूवर त्याने ब्लिट्झेन बेंझ ही शर्यतीची गाडी ताशी 131 मैलांहून अधिक वेगाने नेली. त्या वर्षी आकाशात उडणारे एकही विमान इतके वेगवान नव्हते. तिथे कुणाला हीट वाटून देण्याची सोय नव्हती. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळूच्या टेकड्या आणि हातात साडेएकवीस लिटरचे इंजिन. 1914 साली इंडियानापोलिसला युरोपीय चालकांनी पहिले चारही क्रमांक नेले: रने टोमा, दुरे, गियो, गू. पाचवा ओल्डफिल्ड, अमेरिकी स्टट्झ गाडीत. म्हणजे त्या दिवशीचा पहिला अमेरिकी. वय 36, आणि हा म्हणे जत्रेतला विदूषक. त्याच वर्षी नोव्हेंबरात लॉस एंजेलिस ते फिनिक्स ही वाळवंट, डोंगर, पाऊस, बर्फ आणि चिखल यांतून जाणारी तीन दिवसांची शर्यत त्याने जिंकली. स्पर्धकांत लुई शेव्हरोलेसारखा माणूस होता. 1916 साली इंडियानापोलिसला पुन्हा पाचवा. जत्रेच्या मातीवर गाडीचे मागचे चाक मुद्दाम घसरवून वळण घ्यायची जी हातोटी त्याने कमावली, ती खोट्या शर्यतीतही खोटी असू शकत नव्हती. निकाल ठरवता येतो. निसरड्या मातीवरचे टायर ठरल्याप्रमाणे वागत नाहीत.

आणि 'सभ्य' बाजूला काय चालले होते? डीपाल्माची सर्वांत गाजलेली फेब्रुवारी 1914 ची सांता मोनिकाची व्हँडरबिल्ट कपची शर्यत घ्या. ओल्डफिल्डला मर्सर या मोटार कंपनीच्या संघात घेतले म्हणून डीपाल्मा संघ सोडून गेला होता आणि एका जुन्या मर्सिडीझमध्ये उतरला होता. शर्यत संपत आली असताना त्याने आपल्या पिटकडे, म्हणजे टायर बदलायला थांबायच्या जागेकडे, खूण केली, पुढच्या फेरीत थांबतो आहे म्हणून. ओल्डफिल्डने ती खूण पाहिली आणि आता उसंत आहे असे समजून स्वतः टायर बदलायला आत गेला. डीपाल्मा थांबलाच नाही. तो जिंकला आणि ती हुशारी म्हणून इतिहासात गेली. मीही तिला हुशारीच म्हणेन. पण नाटक करणे हाच गुन्हा असेल, तर त्या दिवशी रंगभूमीवर कोण होते? इथे आपल्याला हवा असलेला भेद सापडतो. प्रतिस्पर्ध्याला चकवणे हा खेळाचाच भाग, कारण तो चकायला आणि चकवायलाच मैदानात उतरलेला असतो. प्रेक्षकाला चकवणे वेगळे. तो 'मला खरे दाखवा' या बोलीवर पैसे देतो. डीपाल्माने पहिले केले, ओल्डफिल्डने जत्रांत दुसरे. रेषा तमाशा आणि खेळ यांच्यात नाही, ती या दोन फसवणुकींमध्ये आहे.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन, म्हणजे एएए, ही शर्यतींना मान्यता देणारी संस्था. ओल्डफिल्डला बाहेर काढणारी तीच, आणि 'पूर्वी शिस्त होती' म्हणणाऱ्यांचा आदर्शही तीच. हा आदर्श जरा जवळून पाहावा. ऑगस्ट 1909 मध्ये तिच्या मान्यतेने इंडियानापोलिसचा नवा ट्रॅक सुरू झाला. खडी आणि डांबराचा पृष्ठभाग पहिल्याच सभेत उखडला, दगड उडाले, पाच माणसे मेली; 300 मैलांची मुख्य शर्यत 235 मैलांवर थांबवावी लागली. त्यानंतर तिथे तीस लाखांहून जास्त विटा बसवल्या गेल्या. ट्रॅकचा कर्ताधर्ता कार्ल फिशर हा ओल्डफिल्डचा सायकलच्या दिवसांतला दोस्त; 1908 साली त्याने मोटारीला फुगा बांधून ती इंडियानापोलिसवरून उडवत नेली होती, विक्रीच्या जाहिरातीसाठी. ओल्डफिल्डने सिगार तोंडात धरली तर सवंगपणा, आणि फिशरने आकाशातून मोटार नेली तर दूरदृष्टी? 1 ऑक्टोबर 1910 ला लाँग आयलंडवर संस्थेच्याच मान्यतेने व्हँडरबिल्ट कप झाला. प्रेक्षक रस्त्यावर उतरलेले, गाड्या त्यांच्यामधून वाट काढताहेत. चालकाशेजारी बसणारे दोन मेकॅनिक मेले, कितीतरी लोक जखमी झाले. 1911 च्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत अपघातामुळे फेऱ्या मोजणाऱ्यांचीच पळापळ झाली. रात्रभर हिशेब चालले, रे हॅरूनला विजेता ठरवले गेले आणि राल्फ मलफोर्डच खरा विजेता म्हणणारे आजही भेटतात. हा खेळ चोख होता म्हणणाऱ्याने आधी ती रात्र समजावून सांगावी.

व्हँडरबिल्ट कपच्या त्या 1 ऑक्टोबरपासून चोवीस दिवस पुढे येऊ. 25 ऑक्टोबर 1910. ग्रॉस पॉइंटच्या विजयाला बरोबर आठ वर्षे झालेली, हा निव्वळ योगायोग. ब्रुकलिनमधला शीप्सहेड बे ट्रॅक. घोड्यांवर पैजा लावण्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये कायदे आल्यामुळे तिथल्या घोड्यांच्या शर्यती नुकत्याच बंद पडलेल्या. ओल्डफिल्डसमोर त्या दिवशी होता जॅक जॉन्सन, हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता, हे पद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. चार महिन्यांपूर्वीच, 4 जुलैला, रीनो इथे त्याने जेम्स जेफ्रीजला लोळवले होते. 'गोऱ्यांची आशा' म्हणून निवृत्तीतून परत आणलेला माणूस हरला, याचा राग अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर निघाला, माणसे मारली गेली. जॉन्सनला वेगवान मोटारींचा नाद होता, दंडाच्या पावत्या तर नित्याच्याच. त्याने शर्यतीचा परवाना मिळवला होता. ओल्डफिल्डने त्याच्याशी पाच-पाच मैलांच्या, तीनपैकी दोन अशा हीट ठरवल्या. शर्यतीचे चलचित्र काढून गावोगाव दाखवायचा बेत होता. पैसा तर हवाच होता; पण ओल्डफिल्डने हे गोऱ्या वर्णाची लाज राखण्याचे काम म्हणून उघडपणे मिरवले. ज्या चालकाने आयुष्यभर दुसरी हीट मुद्दाम हरली, त्याने इथे दुसरी हीट दिली नाही. सरळ दोन्ही जिंकल्या. जॉन्सन कसलेला मुष्टियोद्धा होता, कसलेला चालक नव्हता. ते सर्वांना आधीच माहीत होते. इथे खोटे निकालात नव्हते, जोडीतच होते. एक माणूस आपल्या कामात आणि दुसरा त्याच्या कामाबाहेर, आणि त्यातून वर्णाचा निवाडा काढायचा!

यात ओल्डफिल्डला माफी देण्यासारखे मला काहीच दिसत नाही. जत्रेतली नुरा शर्यत फार तर काही आण्यांची फसवणूक. ही शर्यत म्हणजे ज्या जखमेतून चार महिन्यांपूर्वी रक्त वाहिले, तिच्यावर तिकीट लावणे. पण एएएने काय केले? तिने जॉन्सनचा परवाना काढून घेतला आणि ही शर्यत लावू नको असे ओल्डफिल्डला बजावले. त्याने ऐकले नाही म्हणून त्याला निलंबित केले. त्यामुळे 1911 ची पहिली 500 मैलांची शर्यत त्याला चुकली. वर्षानुवर्षे खोट्या हीट चालल्या, संशयास्पद घड्याळांवर विक्रम नोंदले गेले, सेंट लुइसला माणसे गेली. या कशानेही न झालेली गोष्ट एका कृष्णवर्णीयाच्या ट्रॅकवर येण्याने झाली. ज्याच्यावर चोरी, दरोडा आणि अपघाताचे गुन्हे असू शकत होते, त्याला पंक्तीत चुकीच्या माणसाशेजारी बसला म्हणून तुरुंगात टाकले. आणि आज कुणी सांगतो की संस्थेने खेळाची प्रतिष्ठा राखली.

'त्या काळाची मापे वेगळी होती', हा इथला हुकमी बचाव. एखाद्या मृत माणसाला आजच्या कोर्टात उभे करू नये, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण कुणाची मापे? 1894 साली, ज्या वर्षी ओल्डफिल्ड सायकलच्या शर्यतींत उतरला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने लुइव्हिलच्या अधिवेशनात सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते केले. पाच वर्षांनी, 1899 साली, माँट्रिअलला एक मैलाचा जगज्जेता ठरला मेजर टेलर, इंडियानापोलिसचा, कृष्णवर्णीय. त्याला पाडले गेले, ट्रॅकवर कोंडीत धरले गेले, आणि तरीही लोक त्याला पाहायला गर्दी करत. म्हणजे त्याच काळात, त्याच देशात, याच आखाड्यातून आलेल्या लोकांसमोर दुसरे माप उघड्यावर होते. ते न दिसणे हा काळाचा नाइलाज नव्हता. 1909 साली न्यू ऑर्लिन्सला जोन न्यूटन कुनिओ ही बाई डीपाल्माच्या मागोमाग दुसरी आली. त्यानंतर एएएने आपल्या मान्यतेच्या शर्यतींतून बायकांना बंद केले. तिथेही काळच जबाबदार म्हणायचा का? काळ तर तिला दुसरा क्रमांक देऊन मोकळा झाला होता.

'शुद्ध खेळ' ही कल्पना दाराशी कुणाला उभे करायचे यासाठी किती वेळा वापरली गेली, याचा त्या दशकातला सर्वांत बोलका दाखला मोटारींच्या बाहेरचा आहे. जिम थॉर्प, सॅक अँड फॉक्स या मूळ अमेरिकी जमातीचा, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकला. काही महिन्यांत उघड झाले की आधीच्या उन्हाळ्यांत त्याने किरकोळ पैसे घेऊन छोट्या लीगमध्ये बेसबॉल खेळला होता. कॉलेजातली गोरी मुले हेच करत, पण टोपणनावाने. थॉर्पने आपल्या नावाने केले. पदके काढून घेतली गेली. 1982 साली ती परत द्यायचे ठरले, 1983 मध्ये त्यांच्या प्रतिकृती त्याच्या कुटुंबाला मिळाल्या, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदीत यायला 2022 उजाडावे लागले. हौशी खेळाडूची व्याख्या ज्या सभ्य गृहस्थांनी केली, त्यांना उपजीविकेसाठी खेळावे लागत नव्हते. व्हँडरबिल्ट कप ज्याच्या नावाने होता त्यालाही नव्हते. हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलणाऱ्या पोराने खेळावर पोट भरायचे ठरवले की लगेच तो 'धंदेवाईक' होतो. ओल्डफिल्डचा भपका, फायरस्टोन टायर हाच माझा एकमेव आयुर्विमा अशी त्याने मिरवलेली जाहिरात, मॅक सेनेटच्या मूकपटात स्वतःचीच केलेली भूमिका, ब्रॉडवेवर सरकत्या पट्ट्यावर पळवलेली मोटार. यावर नाक मुरडणाऱ्यांना मी विचारेन, की 1900 साली साऱ्या अमेरिकेत सुमारे 8 हजार मोटारी होत्या आणि 1910 मध्ये साडेचार लाखांवर गेल्या, ही भूक गावोगाव कुणी जागवली? क्लबात बसलेल्यांनी, की घोड्यांच्या ट्रॅकवर धूळ खात फिरणाऱ्यांनी? एकट्या ओल्डफिल्डने, असे मी म्हणत नाही. पण ज्या खेड्यात मोटार अजून आली नव्हती तिथे ती मिनिटाला मैल धावताना दाखवणारा तोच होता, आणि वेगात निघालेल्या माणसाला अडवून पोलिसाने 'स्वतःला बार्नी ओल्डफिल्ड समजतोस काय?' म्हणून दरडावणे हा पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतला बोलीप्रयोग होता.

मग अबू धाबीचे काय? तमाशा हा गुन्हा नसेल, तर त्या रात्री जे झाले तेही ठीकच, असे कुणी माझ्याच युक्तिवादातून काढील. नाही निघत. शेवटची फेरी चित्तथरारक झाली याबद्दल माझी तक्रार नाही. चित्तथरारक असणे हे शर्यतीचे कामच आहे. तक्रार ही की आधी लिहिलेला नियम ऐन वेळी एका माणसाने आपल्या मनाने वाकवला, आणि तो का वाकवला हे चालकांना वा प्रेक्षकांना त्या क्षणी कळायला मार्ग नव्हता. ओल्डफिल्डच्या तिसऱ्या हीटमध्ये जे सडके होते तेच इथे. फक्त जत्रेतली लबाडी योजून केलेली होती आणि ही, चौकशीवर विश्वास ठेवायचा तर, गोंधळातून झालेली. म्हणून उपाय 'तमाशा कमी करा' हा असूच शकत नाही. नियम कुणाच्या हातात, तो बदलला तर कुणाला सांगायचे, आणि चूक कबूल केल्यावर ती दुरुस्त करायची की नुसती फायलीला लावायची, यावर भांडा. 'पूर्वीचे दिवस' म्हणून उसासे टाकणाऱ्यांना हे भांडण नको असते, कारण पूर्वीच्या दिवसांतही नियम ज्यांच्या हातात होता त्यांना कुणी विचारले नव्हते.

एक शेवटचा प्रश्न मला कुणी विचारावा असा आहे, पण विचारत नाही. शिक्षा संपल्यावर काय झाले? ओल्डफिल्डवरचे निलंबन उठले. 1914 ला तो संस्थेच्याच शर्यतीत, इंडियानापोलिसच्या विटांवर, पाचवा आला. 1918 साली सन्मानाने निवृत्त झाला, टायरच्या धंद्यात नाव लावले, पुढे मोटारशर्यतींच्या मानाच्या यादीत बसला. जॉन्सनचा परवाना कुणी परत केला नाही. 1913 साली एका गोऱ्या बाईबरोबरच्या संबंधांवरून, ज्या कायद्याचा त्याच्याशी काडीचा संबंध लावता येऊ नये, त्या कायद्याखाली तो दोषी ठरला. अध्यक्षांची माफी 2018 मध्ये मिळाली, मरणोत्तर. दोघेही 1878 चे, दोघेही 1946 मध्ये गेले. जॉन्सन जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात, ओल्डफिल्ड ऑक्टोबरात बेव्हर्ली हिल्सला. ज्या मैदानावर ओल्डफिल्डने मिनिटात मैल काढला होता, त्याच इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर 1924 साली कृष्णवर्णीय चालकांनी आपली वेगळी 100 मैलांची शर्यत भरवली, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विटांच्या ट्रॅकवर त्यांना मज्जाव होता. त्यांच्यातला चार्ली विगिन्स त्याच शहरातला नावाजलेला मेकॅनिक होता. ती शर्यत त्याने पुढे जिंकली, आणि 1936 साली तिच्यातच पाय गमावला. इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्स, उतरला तो 1991 साली. खेळाची प्रतिष्ठा राखली असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांनी 1910 आणि 1991 यांच्यामधल्या वर्षांचा हिशेब सोबत द्यावा.